शूरकानचा मुका घुमट

१

“वाऱ्या रे वाऱ्या, जा रे पाण्यापाशी,
विचार त्याला, आज जेवला का उपाशी?”

हा आवाज माहलकाने ऐकला तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आत्याचं बोट धरून ती शूरकानच्या जुन्या टाक्याच्या पायऱ्या उतरत होती. वर गल्ली भट्टीसारखी तापलेली, आणि खाली एकेका पायरीला गारवा पोटरीपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत चढत आलेला. पायऱ्यांच्या मधल्या वळणावर दगडी बाक होता आणि बाकामागच्या भिंतीत कोरीव शिळा. त्या शिळेतूनच जणू ती हाक आली. बाईचा आवाज, कोवळा, घुमटाखाली फिरून फिरून गोल झालेला. शिळेसमोर एक तरुण पाठमोरा उभा होता. त्याने ओल्या तळव्याने शिळेवर दोनदा थाप मारली.

आत्याने रिकामी घागर काखेत मारली आणि पोरीला फरफटत वर आणलं. “परी आहे ती. परीचं गाणं ऐकू नये!”

चाळीसेक वर्षं लोटली. माहलका प्रांताच्या पुरातत्त्व कचेरीत तपासनीस झाली. कमानींचे आणि मनोऱ्यांचे अहवाल लिहिता लिहिता केस पिकले. पण कुठल्याही घुमटाखाली गेली की आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती हळूच एक हाक मारायची. उत्तर यायचं ते तिच्याच आवाजाचं. परी काही पुन्हा भेटली नाही.

आणि आज, गुरुवारी सकाळी, ती त्याच वळणावर उभी होती. शिळेच्या जागी काळं भोक होतं.

“दोष माझाच आहे, इंजिनीअरबाई,” टाक्याचा रखवालदार यदुल्ला छातीवर हात ठेवून म्हणाला. कचेरीतून येईल तो गावाला इंजिनीअरच. “माझ्या डोक्यात माती पडो. तुम्ही आधी चहा घ्या.”

“चहा नको. शिळा कधी गेली?”

“एक पेला. साखरेचा खडा तोंडात धरा, राग उतरेल.”

“यदुल्ला! परवा समिती येणार आहे तेहरानहून!”

हे यदुल्लालाही ठाऊक होतं, गावातल्या मांजरालाही ठाऊक होतं. टाकं कोणत्या साली बांधलं ते फक्त त्या शिळेवर कोरलेलं होतं. शनिवारी समितीने ते साल डोळ्यांनी पाहिलं तर टाक्याची नोंद होणार आणि टाकं वाचणार. नाही पाहिलं, तर नगरपालिकेचा रुंद रस्ता थेट घुमटाच्या माथ्यावरून जाणार. माहलकाने या एका दिवसासाठी किती कचेऱ्यांचे जिने झिजवले होते, त्याची मोजदाद तिच्या गुडघ्यांनाच माहीत.

यदुल्लाकडून एकेक शब्द उपटून काढावा लागला. दुपारी दार उघडंच असतं, लोक गारव्याला येऊन बसतात. काल दुपारीही उघडं होतं. यदुल्ला दारातच होता, म्हणजे झोपला होता. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी खाली उतरला तर भोक.

त्या भोकामागे भिंत नव्हतीच. टाकं साफ करायला माणसं जिथून आत उतरायची ते हे तोंड, आणि शिळा म्हणजे त्या तोंडाचं झाकण. टाकं कोरडं पडल्याला वर्षं झाली होती. खाली नळाला आता नगरपालिकेचं पाणी यायचं. माहलकाने भोकातून बॅटरीचा झोत सोडला. खोल तळाशी गवताचा काडीकचरा आणि कबुतरांची पिसं.

सवयीने तिने हाक मारली. “ओऽऽ!”

हाक गेली ती गेलीच. परत आली नाही. ‘लहानपणी सगळंच मोठं वाटतं,’ माहलका मनाशी चरफडली आणि मागे वळली. तेव्हा तिचं लक्ष बाकाकडे गेलं. शिळा घट्ट बसावी म्हणून ठोकलेल्या लाकडी पाचरी तिथे पडल्या होत्या. पडल्या कसल्या, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या होत्या.

टाक्याच्या दारासमोरच रोट्यांची भट्टी. तिथे दुपारभर रांग असते. भट्टीवाल्याने पिठाचे हात कमरेवर ठेवले.

“काल दुपारी तिघंच उतरली, बाई. उस्ताद बरजू, हाजी फतहुल्ला आणि शेजारची गोहर खानम. कोण आधी, कोण नंतर, ते देवाला माहीत. मी रोट्या बघू की माणसं? पण एक सांगतो, वर येताना कुणाच्या हातात शिळा नव्हती. दोन गड्यांना उचलायची नाही ती. अख्खी रांग साक्षीला आहे.”

म्हणजे शिळा आत नव्हती आणि बाहेरही गेली नव्हती. माहलकाने कपाळाला हात लावला.

“दोष माझाच,” भट्टीवाला अदबीने म्हणाला. “ही गरम रोटी घ्या. पैशांचं नावही काढू नका.”

२

उस्ताद बरजू हा शूरकानचा जुना गवंडी. पडके घुमट उभे करण्यात हयात गेलेली. त्याच्या कारखान्यात भिंतीला टेकून शिळा उभी होती!

माहलका धावतच जवळ गेली. मग तिने नीट पाहिलं आणि निराश झाली. ती प्लास्टरची नक्कल होती. खरी शिळा प्रांताच्या संग्रहालयात न्यावी आणि इथे नक्कल बसवावी, अशी शिफारस खुद्द माहलकानेच केली होती. ओल्या भिंतीत अक्षरं झिजतात, म्हणून.

“हुबेहूब झाली आहे, उस्ताद.”

“कसली हुबेहूब! हे बघा.” बरजूने नकलेच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे एक पंजा उमटला होता, लहानसा. “परवा ओली असताना गल्लीतल्या कुण्या कार्ट्याने चापट मारली. आता हे घासू की नवीन ओतू? तुम्हाला नक्कल हवी, समितीला साल हवं, हाजीला रस्ता हवा. बरजूला काय हवं ते विचारतं का कुणी?”

“काय हवं?”

“एक दिवस झोप.”

“काल खाली कशाला गेला होतात?”

“पाचरी तपासायला. तुमच्याच हुकमाने शिळा मोकळी केली होती मी. चुन्याचा सांधा काढून नुसत्या पाचरींवर उभी होती. काल सकाळी ठीक होती, दुपारीही ठीक होती. पाचरी उपटल्या तर शेळीनेही ढुशी मारून आत पाडली असती.”

“आत पाडली असेल तर?”

बरजू हसला. “बाई, ती घुमटाची पोकळी आहे. तिथे चमचा पडला तर गल्लीत ऐकू येतो. एवढी शिळा त्या उंचीवरून विटांच्या फरशीवर पडली असती तर रांगेतली माणसं भूकंप समजून पळाली असती. आणि तळाशी तुकडे दिसले असते. दिसले का?”

दिसले नव्हते.

“तरी दोष माझाच,” बरजू उसासा टाकून म्हणाला. “मोकळी मी केली. माझी मान घ्या. पण आधी कलिंगड खाऊन जा, चिरलंय.”

माहलकाने कलिंगड खाल्लं. नाही म्हणण्यात आणखी वेळ गेला असता. बिया थुंकताना तिच्या मनात एकच गोष्ट टोचत होती: सकाळपासून तीन माणसांनी गुन्हा कबूल केला होता आणि त्यातल्या एकाचाही शब्द धरण्यासारखा नव्हता.

३

हाजी फतहुल्लाचं नवं हॉटेल टाक्यामागेच होतं. रस्ता रुंद झाला तर बसगाड्या थेट त्याच्या दारात थांबणार. शिळा जाऊन ज्याचं भलं होईल असा गावात एकच माणूस होता, तो हा. आणि तो स्वागताला असा धावला की संशय धरायचीही लाज वाटावी.

“माझ्या डोळ्यांवर पाय ठेवून या, इंजिनीअरबाई! हे हॉटेल तुमचंच आहे!”

सकाळपासून साचलेला वैताग माहलकाच्या तोंडून बाहेर पडला. “खरंच? मग उद्या रिकामं करा. मी राहायला येते.”

हाजीचा हात हवेतच थांबला. पिस्त्यांची बशी घेऊन येणारा त्याचा जावई दारातूनच परत फिरला.

“आपलं ते…” हाजी म्हणाला. “बोलायची एक रीत असते, बाई.”

“तेच तर! रीत बाजूला ठेवा आणि सांगा, काल खाली काय करत होतात?”

हाजी बसला. मग बोलला तो निराळ्याच आवाजात. “गेलो होतो शेवटचं पाणी प्यायला. वळणावर बसलो. प्यालो. तहानेने गेलेल्या शहिदांना सलाम म्हणून शिळेवर ओला हात ठेवायचा असतो, तसा ठेवायला गेलो…”

“शिळा होती?”

“मला मोतीबिंदू आहे. हात ठेवला तो भिंतीवर पडला की शिळेवर, कुणास ठाऊक. गार लागलं एवढं खरं.” त्याने डोळे पुसले. “रस्ता मला हवाय. खोटं कशाला बोलू? पण शिळा चोरायला मला वाकता तरी यायला हवं. कंबरेला पट्टा बघा.” त्याने सदरा वर करून पट्टा दाखवलाच. “आणि तुम्हीच तर ती नेणार होतात ना, संग्रहालयात? गावाला काय, चोराने नेली काय आणि सरकारने नेली काय. आमच्या गल्लीतून गेलीच.”

माहलका जायला उठली.

“पण दोष माझाच समजा,” हाजी घाईने म्हणाला. “जेवूनच जा.”

४

गोहर खानमच्या घराची गच्ची टाक्याच्या घुमटाला चिकटून होती. घुमटाच्या कडेचा बादगीर, म्हणजे वारा धरून खाली टाक्यात सोडणारा तो उंच मनोरा, तिच्या गच्चीवरून हात लावता येईल इतका जवळ. गोहर खानम विधवा, साठी उलटलेली. नवरा अयाज ट्रक चालवायचा. लग्नानंतर फार दिवस झाले नव्हते तेव्हाच बंदराच्या वाटेवर गेला. दर गुरुवारी ती टाक्याची पायरी झाडते, यापलीकडे तिच्याबद्दल कुणाला काही सांगता येईना.

दार लगेच उघडलं. बाई बाहेर जायची चादर डोक्यावरून अंगभर घेऊनच उभी होती, जणू दाराआडच वाट बघत होती.

“या,” ती म्हणाली. एवढंच.

माहलका खाली बसली आणि तिच्या पाठीने तक्रार केली. टेकायला लोड नाही, खाली गादी नाही, नुसता गालिचा. कोपऱ्यात चहाचा सामोवर पालथा घातलेला. खिडकीत पक्ष्याचा पिंजरा टांगायचा आकडा रिकामा. उंबऱ्याशी कापडाचं गाठोडं बांधून ठेवलेलं, त्याच्या शेजारी जोडे.

‘देवा, एक तरी घर असं आहे जिथे चहा पाजत नाहीत,’ माहलकाने सुटकेचा श्वास सोडला. “यात्रेला निघालात का, खानम? मश्हदला?”

“न्याल तिथे जाईन.”

“काल दुपारी तुम्ही टाक्यात उतरला होतात.”

“हो. दोष माझा आहे, बाई.”

माहलकाने डोळे मिटले. “खानम, कृपा करा.”

“मीच केलं ते.”

“तुम्ही तरी नको हो! यदुल्लाचा दोष, भट्टीवाल्याचा दोष, उस्तादाचा, हाजीचा. या गावात दोष रोट्यांसारखे वाटत फिरतात! मला चोर हवाय, माफी नकोय.”

“तेच सांगते आहे. मी केलं.”

“बरं. तुम्ही केलं. ती शिळा दोन गड्यांना उचलत नाही. तुम्ही चादरीत गुंडाळून नेली का?”

लहानपणी वही पुढे करून मास्तरांकडे पाहावं, तसं गोहर खानमने माहलकाकडे पाहिलं. मग हळूच, चौथ्यांदा, म्हणाली, “दोष माझाच आहे.”

माहलका उठली. कंबर धरून, जोडे चढवून, चरफडत बाहेर पडली. गल्लीच्या कोपऱ्यावरून तिने मागे पाहिलं. बाई दारातच उभी होती, आणि तिने गाठोडं हातात घेतलेलं होतं.

५

शुक्रवारची सकाळ. माहलका यदुल्लाच्याच घरी उतरली होती. त्याच्या बायकोने पाहुणी म्हणून घरातल्या सगळ्या रजया तिच्या खोलीत आणून रचल्या होत्या, कापसाच्या, लोकरीच्या, छताला टेकतील इतक्या. सुटीचा दिवस, म्हणून माहलकाने साहेबांच्या घरी फोन करून सांगून टाकलं की शिळेचं अजून काही कळलं नाही. पलीकडून साहेबांनी शांतपणे विचारलं की मग समितीला येऊ नका असं कळवू का.

“उद्या सकाळपर्यंत थांबा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दारातून यदुल्लाचा आवाज आला, “इंजिनीअरबाई, चहा!”

“नको!”

“एकच पेला!”

माहलकाने रजयांच्या ढिगात तोंड खुपसलं आणि जीव खाऊन किंचाळली.

किंकाळी कुठेच गेली नाही. रजयांनी ती गिळून टाकली. ना भिंतीला लागली, ना छताला. ओठाबाहेर पडली आणि मेली.

माहलका तशीच वाकलेली राहिली. मग तिने तोंड बाहेर काढून पुन्हा एकदा, हळू, त्या ढिगात हाक मारली. “ओ.”

काही नाही. अगदी कालसारखं.

लहानपणी सगळं मोठं वाटतं खरं. पण वीट आणि पोकळी म्हातारी झाली म्हणून घुमायची थांबत नाही! घुमटाला कुणीतरी मुकं केलं होतं. घुमट मुका करायला काय लागतं? तिने समोरच्या ढिगाकडे पाहिलं. आणि मग तिला तो नुसता गालिचा आठवला, तो पालथा सामोवर आठवला, आणि आपल्या पाठीची तक्रार आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

“यदुल्ला!” ती ओरडली. “दोर आणि उस्ताद, दोन्ही घेऊन टाक्यावर या! आणि चहा द्या इकडे. घेते. आता खरंच घेते.”

६

वळणावरच्या बाकाशी सगळे जमले: यदुल्ला, बरजू, कंबर धरत उतरलेला हाजी आणि भिंतीला टेकलेली गोहर खानम. गाठोडं आजही तिच्या हातात होतं.

“शिळा वर गेली नाही, हे रांगेने सांगितलं,” माहलका म्हणाली. “मग ती आतच आहे.”

“पण आवाज?” बरजू म्हणाला. “आणि तुकडे?”

“आवाज झाला नाही, तुकडे झाले नाहीत, कारण ती फरशीवर पडलीच नाही. रजयांवर पडली. घरातल्या सगळ्या रजया, गाद्या, लोड. गच्चीवरून बादगिरात कोंबायच्या, की त्या बरोबर या भोकाखाली येऊन पडतात. मग इथे येऊन पाचरी काढायच्या आणि शिळेला आत ढकलायचं. मग पुन्हा गच्चीवर जाऊन वरून गवताचा भारा सोडायचा, की बॅटरीच्या उजेडात फक्त काडीकचरा दिसतो. दोन गड्यांना झेपत नाही ते उचलणं. ढकलायला शेळी पुरते, उस्ताद तुम्हीच म्हणालात.”

“शेळी कोण पण?” हाजीने विचारलं.

“पाचरी बघा. उस्तादांनी काढल्या असत्या तर पिशवीत गेल्या असत्या, त्यांचं ते हत्यार आहे. तुम्ही काढल्या असत्या तर वाकून उचलल्या नसत्या. या एकावर एक रचल्या आहेत. भांडी घासून पालथी घालणाऱ्या हाताची सवय आहे ती. उस्ताद, तुमच्या नकलेवरचा पंजाही पोराचा नाही. बाईमाणसाचा आहे.”

बरजूने दोर कमरेला बांधला आणि तो भोकातून आत उतरला. बराच वेळ फक्त गवताची सळसळ.

“बाई!” खालून त्याचा दबका आवाज आला. “लोकरीची रजई आहे. त्याखाली… कोपराही उडाला नाही! बाळासारखी निजली आहे!”

हाजी मटकन बाकावर बसला. यदुल्ला देवाचं नाव घेऊ लागला. माहलका मात्र गोहर खानमकडे वळली.

“शूरकानमध्ये रीत म्हणून दोष फार तर तीनदा घेतात. तीनदा नको म्हटलं की विषय संपतो. तुम्ही चौथ्यांदा म्हणालात. आणि चहा ठेवला नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं मला. चहा ठेवला नाहीत, कारण मी तुम्हाला लगेच घेऊन जाईन असं तुम्ही धरून चालला होतात. पक्षी शेजारी दिला, सामोवर घासून पालथा घातला, कपडे बांधून ठेवले. तुम्ही चोरी कबूल करत होतात, आणि मी शिष्टाचार समजून वैतागत होते.”

“मी खोटं बोलले नाही,” गोहर खानम म्हणाली.

“नाही. पण का केलंत तेही बोलला नाहीत. रस्ता तर तुमच्याही गच्चीवरून गेला असता!”

“शिळा संग्रहालयात जाऊ नये, एवढंच हवं होतं. समिती गेल्यावर सांगणार होते कुठे आहे ते. समितीला साल दाखवायचं तर नकलेवरही तेच साल आहे, असं वाटलं मला. मला काय कळतंय त्यातलं.” तिने गाठोडं खाली ठेवलं. “उस्तादांच्या कारखान्यात गेले होते मंगळवारी. तळवा ओला करून नकलेवर थाप मारली. चप्प वाजली. पिठाच्या गोळ्यासारखी.”

“मग?”

“खरी तशी वाजत नाही. तिच्यामागे पोकळी आहे. खाली थाप मारली की वर बादगिरात ऐकू येते. आणि वर बादगिरात बोललं की इथे, शिळेत.”

माहलका त्या काळ्या भोकाकडे वळली.

“सासरी अकरा माणसं,” गोहर खानम सांगू लागली, कुणाकडेही न बघता. “नवऱ्याशी चारचौघांत बोलायची पद्धत नाही. अयाज पहाटे ट्रक घेऊन जायचा, दुपारी यायचा, पुन्हा जायचा. जेवला का, विचारता यायचं नाही. मग तो पाणी भरायच्या निमित्ताने इथे यायचा आणि मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर. मी वाऱ्याला विचारायचे. तो थाप मारायचा. एक म्हणजे जेवलो. दोन म्हणजे उपाशी. मग मी सासूच्या नजरेआड रोटीत काहीतरी गुंडाळून गाडीत ठेवायचे.”

“वाऱ्या रे वाऱ्या,” माहलकाच्या तोंडून निघालं, “जा रे पाण्यापाशी…”

गोहर खानमने झटकन मान वर केली. “तुम्हाला कुठून ठाऊक?”

“आत्या म्हणाली होती, परी आहे.”

गोहर खानम हसली, चादरीआड, नव्या नवरीसारखी. “परी म्हणे! धुण्याने हात सोललेले असायचे माझे.”

“मी आयुष्यभर या घुमटांखाली तुम्हाला शोधत होते, खानम,” माहलका म्हणाली. मग खाकरून, कचेरीच्या आवाजात: “उस्ताद, शिळा वर घ्या. चुन्याने पक्की बसवा, पाचरींवर नको. अहवालात मी लिहिते: ही शिळा म्हणजे टाक्याचं झाकण आहे. झाकण काढून नेलं तर टाकं अपुरं राहतं. ती इथेच राहील.”

“आणि माझी नक्कल?” आतून बरजू ओरडला.

“हाजींच्या हॉटेलात लावा. पंज्यासकट. हॉटेल तसंही माझंच आहे.”

हाजीने घाईघाईने कंबरेचा पट्टा सारखा केला.

“आणि चोरी?” यदुल्लाने भीत भीत विचारलं.

“कसली चोरी? शिळा टाक्याबाहेर गेलीच नाही.”

रोट्यांच्या रांगेतल्या गड्यांनी मिळून दोर ओढले आणि संध्याकाळ व्हायच्या आत शिळा जागेवर बसली. रजया गच्चीवर पसरल्या होत्या आणि शेजारणी त्यांतलं गवत वेचत होत्या. उस्तादाने चुन्याचा शेवटचा हात फिरवला आणि भट्टीवाल्याने रोट्या पाठवल्या, पैशांचं नाव न काढता. सगळे वर गेले. गोहर खानम मात्र वळणावर घुटमळली.

“अजून एक राहिलंय, बाई. मी कालही सांगितलं नाही, मघाशीही नाही.”

माहलका थांबली.

“शेवटच्या दिवशी बंदराला निघायच्या आधी तो इथे आला. मी विचारलं, जेवला का उपाशी. त्याने तीनदा थाप मारली. तीनाचं आमचं काही ठरलं नव्हतं.” तिने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण कळलं मला. तेव्हाच कळलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाज वाटली. म्हटलं, परत आल्यावर देईन. मी वर जाते. तुम्ही इथेच थांबा. खाली कुणीतरी असायला हवं.”

तिची पावलं पायऱ्यांवरून वर गेली, मग गच्चीच्या जिन्यावर, मग ऐकू येईनाशी झाली. माहलकाने नळाखाली हात भिजवला, वळणावर येऊन शिळेसमोर उभी राहिली. मधोमध कितीएक तळव्यांनी झिजून खळगा पडला होता. तिचा तळवा त्यात अलगद बसला. तिने थाप मारली. एक. दोन. तीन.

आत घुमट जागा झाला. थापा गोल गोल फिरत वर चढल्या आणि विरल्या.

बराच वेळ नुसता वारा. मग शिळेतून तो आवाज आला. थकलेला, जुना झालेला, पण तोच. गाणं नव्हतं.

“मलाही करमत नाही रे तुझ्याशिवाय.”